धाब्यावरची माती
खानदेशातील घरे, पाऊस आणि डागडुजीचा इतिहास

कोणी नियम मोडले की त्याने ते ‘धाब्यावर बसवले’ असे आपण म्हणतो. वर्गातल्या मुलांनाही हा वाक्प्रचार माहीत असतो. पण धाबे म्हणजे काय, असे विचारले तर बहुतेक मुले हमरस्त्यावरच्या जेवणाच्या ठिकाणाचे नाव सांगतील. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या जुन्या गावात वाढलेली मुले मात्र वर बोट दाखवतील. त्यांच्या दृष्टीने धाबे म्हणजे घराचे मातीचे सपाट छप्पर. मराठवाड्यात ज्याला माळवद म्हणतात तेच हे.

मे महिना सरत आला, रोहिणी नक्षत्र जवळ आले, की या गावांत धाब्यांवर माती टाकण्याची लगबग सुरू होते. पूर्वी ही माती बैलगाडीतून येई, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येते. ती पाटीपाटीने वर चढवायची, पसरायची, पाणी शिंपडून चोपायची आणि मग पावसाची वाट पाहायची. पाण्यापासून घर वाचवण्यासाठी त्याच्यावर माती घालायची, हे ऐकायलाच विचित्र वाटते. माती तर पाण्यात विरघळल्यासारखी होते. मग मातीचे छप्पर पाऊस अडवते कसे? आणि अडवत असेल, तर दर पावसाळ्यात धाब्याची घरे कोसळून माणसे दगावल्याच्या बातम्या का येतात? या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच मातीत आहेत. ती शोधताना खानदेशाचा बराच इतिहास हाती लागतो.

काळी आणि पांढरी

आपल्या जुन्या गावगाड्यात जमिनीचे दोन मुख्य भाग मानले जात. शेतजमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा, म्हणजे गावठाण, ती ‘पांढरी’. ही नावे रंगावरून पडली असली तरी त्यांच्यामागे मातीच्या गुणांची चांगली पारख आहे.

खानदेशची काळी जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणापासून, म्हणजे बेसाल्टपासून, बनलेली आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण पापुद्र्यांसारखे असतात आणि पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की ती माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेले की ती आकसते आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला ही माती उत्तम, पण घराला ती वैरीण आहे. तिच्यावर उथळ पाया घातला तर तो पावसाळ्यात उचलला जातो, उन्हाळ्यात खचतो आणि भिंतींना तडे जातात. छपरावर काळी माती टाकली तर उन्हाळाभर पडलेल्या भेगांतून पहिल्याच पावसाचे पाणी सरळ घरात येईल.

पांढरीची गोष्ट वेगळी. पिढ्यान्‌पिढ्या जिथे वस्ती झाली तिथे चुलीतली राख, शेण, केरकचरा, पडलेल्या भिंतींची माती आणि चुनखडीचे खडे मिसळत गेले. त्यातून फिकट रंगाची, भुसभुशीत, कमी फुगणारी माती तयार झाली. भिंतींसाठी आणि गिलाव्यासाठी हीच माती पसंत केली जाई. धाब्याच्या वरच्या थरासाठी मात्र याहून निराळी अशी ‘खारी’ माती शोधली जाई. तिच्याकडे आपण थोड्या वेळाने वळू.

सपाट छप्पर का?

कोकणात वर्षाला अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे उतरते छप्पर हवेच. जळगावच्या आसपास वर्षाचा पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर, तर धुळ्याकडे त्याहूनही कमी असतो. पाणी चार महिन्यांत येते आणि बाकीचे आठ महिने कोरडे जातात. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे जातो. अशा ठिकाणी घराला पावसापेक्षा उन्हापासून जपण्याची गरज जास्त दिवस असते. मातीचा जाड थर दिवसा तापायला वेळ लावतो, त्यामुळे दुपारची उष्णता घरात पोहोचेपर्यंत रात्र होते आणि तोवर माणसे वर धाब्यावर झोपायला गेलेली असतात. धान्य वाळवायला आणि पापड-कुरडया घालायलाही हेच अंगण उपयोगी पडते.

धाबे रचण्याची रीत साधारण अशी होती. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या आणि कड्यांवर फळ्या, म्हणजेच कडीपाट. गरिबाच्या घरी फळ्यांऐवजी काटक्या किंवा तुरीच्या काड्या असत. त्यावर कडुनिंबाचा पाला किंवा गवत, त्यावर चिखलाचा थर आणि सर्वांत वर चोपून बसवलेली खारी. दोन खांबांमधल्या जागेला ‘खण’ म्हणत आणि घर किती मोठे हे खणांवरून सांगत. छपराला डोळ्यांना न जाणवेल इतका उतार देऊन कडेला पन्हळी बसवत, म्हणजे पाणी भिंतीवर न ओघळता दूर पडे. सधन माणसांच्या वाड्यांत हाच थर घाणीत मळलेल्या चुन्याचा असे. तिला चुनेगच्ची म्हणत. ती महाग पडे, म्हणून बहुसंख्य लोकांच्या डोक्यावर मातीच होती.

खाऱ्या मातीचे रहस्य

ज्या मातीत सोडियमचे क्षार जास्त, ती खारी. अशा जमिनी नदीकाठच्या सखल भागात, पाण्याचा निचरा नीट न होणाऱ्या जागी आढळतात. विदर्भातील पूर्णा नदीचे खोरे तर ‘खारपाण पट्टा’ म्हणूनच ओळखले जाते. ही पूर्णा जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीला मिळते. शेतकऱ्याला अशी जमीन नकोशी असते, कारण पाऊस पडला की तिचा वरचा थर लगदा होऊन बसतो, पाणी आत मुरत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. पण पाणी आत न मुरणे हेच तर छपराला हवे असते. शेताचा दुर्गुण तो धाब्याचा गुण ठरतो.

असे का होते? चिकणमातीचा एक कण दोन मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागापेक्षाही, लहान असतो. या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. त्यांच्या भोवती कॅल्शियमचे आयन असले तर ते कणांना जवळ धरून ठेवतात. कॅल्शियमच्या आयनावर दोन धन भार असतात. कणांचे गठ्ठे बनतात, गठ्ठ्यांमध्ये पोकळ्या राहतात आणि पाणी त्यांतून खाली जाते. कॅल्शियमच्या जागी सोडियम असला तर गोष्ट बदलते. सोडियमच्या आयनावर एकच धन भार असतो आणि त्याच्याभोवती पाण्याच्या रेणूंचे मोठे वेष्टन असते. तो कणांना बांधून ठेवू शकत नाही. पाऊस पडताच गठ्ठे फुटतात, सुटे कण पाण्याबरोबर थोडे खाली सरकतात आणि खालच्या बारीक छिद्रांत जाऊन अडकतात. छिद्रे बुजतात. पहिल्या एकदोन सरींतच वरच्या थरात एक घट्ट पापुद्रा तयार होतो आणि पुढचे पाणी पन्हळीकडे वाहू लागते. म्हणजे धाब्याची झाकणी पाऊस स्वतःच तयार करतो!

यात आणखी एक बारकावा आहे. पाण्यात क्षार भरपूर असतील तर हे कण पुन्हा एकत्र येतात. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणूनच ही युक्ती साधते. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, हे आपण घरोघरी पाहतो. तुरटीतील ॲल्युमिनियमच्या आयनावर तीन धन भार असतात. ते कणांना एकत्र आणतात. तुरटीचे काम आणि खारीचे काम ही एकाच नियमाची दोन टोके आहेत.

हे ज्ञान एकट्या खानदेशाचे नाही. तुर्कस्तानच्या अनातोलिया भागात मातीच्या सपाट छपरांसाठी क्षारयुक्त चिकणमाती वापरतात. तिला तिथे ‘चोराक’ म्हणतात आणि ती दाबण्यासाठी छपरावरच दगडी रूळ ठेवलेला असतो. लडाखमध्ये ‘मर्कलक’ नावाची चिकणमाती छपरावर घालतात. हजारो किलोमीटर अंतरावरच्या लोकांनी आयन आणि विद्युतभार यांची नावे न ऐकता, केवळ पाहून आणि करून, सारख्याच प्रश्नाची सारखी उत्तरे शोधली.

मात्र खारीला मर्यादा आहेत. जोराची सर येऊन गेली तर धाबे सहसा गळत नाही, कारण पाणी वाहून जाते आणि मग ऊन पडून थर वाळतो. पण झड लागली, आठ-आठ दिवस सूर्य दिसला नाही, की ओल हळूहळू खाली उतरते आणि घरात जागोजागी भांडी मांडावी लागतात. गवत उगवले तर त्याच्या मुळांच्या वाटेने पाणी झिरपते. उंदीर-घुशींची बिळे आणि मुंग्यांची वारुळे हीही पाण्याची दारेच. म्हणून पाऊस उघडला की वर जाऊन गवत उपटायचे, भेग दिसली तर खारी टाकून पायाने दाबायची आणि पन्हळीतला गाळ काढायचा, हा पावसाळ्यातला नेमच असे. धाब्याचे घर वर्षभर थोडेथोडे बांधले जात असते, असे म्हटले तरी चालेल.

वरचे मीठ आणि खालचे मीठ

छपराला तारणारे हेच क्षार भिंतीच्या पायथ्याशी घात करतात. दिव्याच्या वातीत जसे तेल चढते तसे जमिनीतले पाणी भिंतीच्या बारीक छिद्रांतून वर चढते. त्याबरोबर विरघळलेले क्षारही येतात. भिंतीच्या पृष्ठभागावर पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक वाढू लागतात. वाढणारा स्फटिक आजूबाजूच्या कणांना ढकलतो. गिलाव्याचे पोपडे निघतात आणि बोटाने खरवडले तर माती पिठासारखी गळते. यालाच आपण ‘भिंतीला लोणा लागला’ असे म्हणतो. लोण्याची रेघ बहुधा जमिनीपासून हातभर उंचीवर दिसते, कारण चढणारे पाणी आणि उडून जाणारे पाणी यांचा तोल तिथे साधलेला असतो.

जुने गवंडी यावर दोन उपाय करीत. एक म्हणजे दगडी जोते. दगडाच्या मोठ्या चिऱ्यांतून पाणी सहज चढत नाही. दुसरा उपाय म्हणजे लोणा लागलेला गिलावा खरवडून काढून तिथे पुन्हा माती-शेणाचा किंवा चुन्याचा गिलावा देणे. हा गिलावा झिजण्यासाठीच असतो. क्षार त्यात जमतात, तो पडतो आणि भिंत वाचते. भिंती पोतारणे आणि भुई सारवणे ही कामे बहुतेक घरांत बायकांकडे असत. पांढरी माती, शेण आणि गव्हाचा भुसा कालवून ती काही दिवस मुरू द्यायची, मग लावायची. भुशामुळे वाळताना पडणाऱ्या भेगा बारीक राहतात आणि मुरवल्यामुळे लगदा चिकट होतो. हे सारे स्वच्छतेसाठी किंवा सणासाठी होते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती घराची वार्षिक दुरुस्ती होती आणि तिची नोंद कुठल्याही बांधकामाच्या हिशेबात झाली नाही.

पूर आला तेव्हा

वरून येणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त खारी करते, खालून चढणाऱ्या पाण्याचा जोते करते. पण पाणी दारातून आत आले तर? तापी, गिरणा, पांझरा, बोरी, तितूर या नद्यांच्या काठच्या गावांना हा अनुभव नवा नाही. तापीच्या १८२२ च्या महापुरात खानदेशातली कितीतरी गावे वाहून गेली. पेशवाई संपल्यावर, १८१८ नंतर, कॅप्टन जॉन ब्रिग्ज या पहिल्या कलेक्टरने धुळे हे खानदेशाचे ठाणे केले आणि पांझरेच्या काठी नवी पेठ वसवली. त्याच धुळ्यात १८७२ साली पांझरेला मोठा पूर येऊन घरांचे फार नुकसान झाले. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेशच्या गॅझेटियरमध्ये या पुरांच्या नोंदी आहेत. अलीकडे २०१९ च्या ऑगस्टमध्ये पांझरेचे पाणी पुन्हा धुळ्यात शिरले. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी कन्नड घाटाच्या परिसरात झालेल्या मुसळधार पावसाने तितूर आणि डोंगरी या नद्या फुगल्या आणि चाळीसगावात घरे-दुकाने पाण्याखाली गेली.

पूरग्रस्त गावातील लोक सांगतात की मातीच्या पुष्कळ भिंती पाणी असताना उभ्या राहतात आणि पाणी उतरल्यावर, कधी दोन-तीन दिवसांनी, बसतात. याचे कारण समजण्यासाठी वाळूचा किल्ला आठवावा. कोरड्या वाळूचा किल्ला होत नाही आणि पाण्यात बुडालेल्या वाळूचाही होत नाही. किंचित ओल्या वाळूचा मात्र होतो, कारण कणांच्या सांध्यात पाण्याचे बारीक थेंब असतात आणि त्यांच्या पृष्ठताणामुळे कण एकमेकांकडे ओढले जातात. मातीच्या भिंतीचे बळही मुख्यतः असेच असते. कोरडी वाटणाऱ्या भिंतीतही सूक्ष्म प्रमाणात पाणी असते आणि तेच कणांना आवळून धरते. भिंत पूर्ण भिजली की सगळी छिद्रे पाण्याने भरतात, ओढ नाहीशी होते आणि बळ एकदम घटते. पूर असतो तोवर बाहेरचे आणि आतले पाणी भिंतीला दोन्हीकडून टेकू देत असते. पाणी ओसरले की टेकू जातो. भिंत मात्र भिजून जड आणि दुबळी झालेली असते आणि तिच्या डोक्यावर ओल्या धाब्याचे ओझे असते. म्हणून पूर ओसरल्यावर मातीच्या घरात लगेच सामान काढायला जाणे सर्वांत धोक्याचे.

पुरातून वाचलेली भिंत वाळवतानाही घाई उपयोगी नाही. भिंत जाडीने दुप्पट असेल तर वाळायला दुप्पट नव्हे, सुमारे चौपट वेळ लागतो, कारण आतल्या पाण्याला बाहेर येण्याची वाट लांब पडते. दोन फुटी भिंतीला काही महिने सहज लागतात. तोवर दारे-खिडक्या उघड्या ठेवून वारा खेळू देणे, पायथ्याचा भिजलेला गिलावा काढून टाकणे, भिंतीला लाकडाचे टेकू देणे आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली धाब्याचे ओझे हलके करणे, एवढेच करता येते.

टेकाड: डागडुजीची वही

भिंत पडलीच तर? विटा-सिमेंटचे घर पडले की मलबा होतो. मातीचे घर पडले की पुन्हा माती होते. तीच माती भिजवून नवी भिंत उभी करता येते. उरलेली जागेवरच पसरून जोते थोडे उंच करता येते. असे शेकडो वर्षे घडत गेले की गावठाण आजूबाजूच्या शेतांपेक्षा वर उचलले जाते. नदीकाठच्या जुन्या गावांत शिरताना जो चढ लागतो, तो पुष्कळदा असा माणसांनीच घडवलेला असतो.

पुरातत्त्वज्ञ या पांढरीच्या टेकाडांचा शोध घेतात तो याचसाठी. गिरणेच्या काठी, चाळीसगाव तालुक्यातील बहाळ येथे म. न. देशपांडे यांनी १९५० च्या दशकात उत्खनन केले. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे येथे ब. कृ. थापर यांनी १९५५ साली उत्खनन केले. प्रकाशे तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते, १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील कावठे येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या म. के. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात काम केले. तिथे जमिनीत खड्डा करून वरून छप्पर घातलेल्या निवाऱ्यांचे अवशेष मिळाले. चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांची घरे धाब्याची नव्हती, कुडाची आणि गवताची होती. पण पडलेल्या घरावर नवे घर बांधण्याची रीत तीच. एका थरावर दुसरा थर, एका भुईवर दुसरी भुई. टेकाड म्हणजे डागडुजीची वहीच. सर्वांत जुने पान तळाशी असते.

दुर्दैवाने हीच पांढरी माती शेतात खत म्हणून आणि घरांसाठी खणून नेली जाते. जुन्या गढ्याही अशाच पोखरल्या गेल्या आहेत. आपले घर सांभाळण्यासाठी आपण पूर्वजांच्या वहीची पाने फाडतो आहोत, याची बहुतेकांना कल्पना नसते. गावाजवळ असे टेकाड असेल तर मुलांना ते दाखवणे आणि तिथली खापरे जागेवरच राहू द्यायला शिकवणे हे काम शिक्षकच करू शकतात.

आगगाडीबरोबर आलेले पाहुणे

१८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा फाटा चाळीसगाव, जळगाव, भुसावळ या मार्गाने गेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) कापसाला विलक्षण भाव आला होता. खानदेशातल्या व्यापाऱ्यांच्या आणि मोठ्या शेतकऱ्यांच्या हाती पैसा आला. १९०० साली चाळीसगाव-धुळे हा फाटाही सुरू झाला. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला होता. अशी यंत्राने पाडलेली कौले, नंतर पन्हाळी पत्रे हा नवा माल दूरवर जाऊ लागला. १८७८ च्या जंगल कायद्याने सरकारी जंगलावरचे निर्बंध वाढले. सातपुड्याच्या लाकडावर अवलंबून असलेल्या कडीपाटाला पर्याय शोधण्याचे तेही एक कारण होते. पत्रा हलका असतो आणि गळाला तरी लगेच कोसळत नाही. पण खानदेशच्या उन्हात पत्र्याखालची खोली भट्टी होते. त्यामुळे पत्रे आले तरी धाबी लगेच गेली नाहीत.

खरा बदल सिमेंटने केला. भारतात सिमेंटचे नियमित उत्पादन १९१४ साली पोरबंदरला सुरू झाले आणि स्वातंत्र्यानंतर सिमेंट गावोगाव पोहोचले. नवी घरे स्लॅबची झाली, यात वाईट काही नाही. चूक झाली ती जुन्या मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करण्याची. भिंत ‘पक्की’ करण्याच्या हेतूने लोकांनी खर्च केला आणि तिचे आयुष्य कमी केले. मातीची भिंत ओल-उन्हाने थोडी फुगते आणि आकसते. सिमेंट ताठ राहते, म्हणून त्याला बारीक तडे जातात. तड्यांतून पाणी आत शिरते, पण सिमेंटच्या कवचातून ते उडून जाऊ शकत नाही. पायथ्याकडून चढणारी ओलही कोंडली जाते आणि लोणा आणखी वर चढतो. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते आणि आत चिखल झालेला असतो. अशी भिंत कोसळते तेव्हा आधी सूचना देत नाही.

ओझ्याचा हिशेब

आता सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. धाबी माणसे मारतात ती का?

दाबलेल्या कोरड्या मातीचे वजन एका घनमीटरला सुमारे १,६०० किलो धरू. धाबे २० सेंटिमीटर जाड असेल तर एका चौरस मीटरवर ३२० किलो ओझे होते. हे १२ सेंटिमीटर जाडीच्या सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबएवढे झाले. चांगल्या सागाच्या तुळया ते पेलतात. आता समजा, दर वर्षी खारीचा दोन सेंटिमीटरचा थर चढवला आणि त्यातला निम्मा पावसाने वाहून गेला. तरी वीस वर्षांत जाडी २० वरून ४० सेंटिमीटर होईल आणि ओझे ६४० किलो. झडीच्या दिवसांत माती पूर्ण भिजली तर ते ८०० किलोपर्यंत जाईल. तीन मीटर लांब आणि तीन मीटर रुंद खोलीवर हे सात टनांहून जास्त झाले. याच वीस वर्षांत तुळईचे भिंतीत गेलेले टोक ओलीने कुजलेले किंवा वाळवीने पोखरलेले असते. ते कुणाला दिसत नाही.

जुन्या रीतीत याला एक उतारा होता. कडी किंवा तुळई बदलायची तर त्या खणावरची सगळी माती उतरवावीच लागे. मग लाकूड तपासले जाई, पाला बदलला जाई आणि थर पुन्हा पहिल्या जाडीचा होई. लाकूड दुर्मिळ झाले, कुशल सुतार-गवंडी शहरात गेले, घरात म्हातारी माणसेच उरली. मग माती उतरवणे थांबले आणि वर माती टाकणे तेवढे चालू राहिले. डागडुजीचा सोपा अर्धा भाग टिकला, अवघड अर्धा भाग सुटला.

याची किंमत महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मोजली. किल्लारीच्या भूकंपात जवळजवळ आठ हजार माणसे गेली. तिथली घरेही मातीत रचलेल्या दगडी भिंतींची आणि जाड माळवदांची होती. काही माळवदे अर्ध्या मीटरहून जाड झालेली होती. पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना एक गोष्ट ठळकपणे आढळली. माळवदाचा भार जिथे लाकडी खांबांच्या सांगाड्यावर होता, तिथे भिंती पडल्या तरी पुष्कळ ठिकाणी सांगाडा उभा राहिला आणि त्याखालची माणसे वाचली. जिथे भार नुसत्या भिंतींवर होता तिथे सगळेच खाली आले. खानदेशालाही भूकंप अनोळखी नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात मोठा भूकंप झाला होता.

तेव्हा जुन्या धाब्याच्या घरात राहणाऱ्यांना सांगावे ते एवढेच. यंदा माती टाकण्याआधी जुनी माती किती आहे ते पाहा, जास्त असेल तर आधी उतरवा. तुळईचे टोक टोकदार सळईने टोचून पाहा, सळई सहज आत गेली तर ती तुळई बदला. खांब नसेल तर खांब द्या. पायथ्याचा सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा किंवा मातीचा द्या. आणि झडीत धाबे कुरकुरू लागले, माती भुरभुरू लागली, तर सामानाचा मोह सोडून बाहेर पडा.

वर्गात करून पाहण्यासाठी

प्लास्टिकच्या तीन बाटल्यांचे बूड कापा, तोंडाला फडके बांधा आणि त्या उलट्या टांगा. एकीत नदीची वाळू, दुसरीत काळी माती, तिसरीत धाब्यावरची खारी, प्रत्येकी पाच सेंटिमीटर, सारखीच दाबून भरा. प्रत्येकीत २०० मिलिलिटर पावसाचे पाणी ओता आणि खाली किती वेळात किती पाणी उतरते ते लिहा. दुसऱ्या दिवशी उन्हात वाळवून हाच प्रयोग पुन्हा करा, म्हणजे काळ्या मातीच्या भेगांचा परिणाम दिसेल. मग विहिरीचे जड पाणी घेऊन पाहा. त्यातील कॅल्शियममुळे खारीचे वागणे बदलते का?

दुसरा प्रयोग आणखी सोपा आहे. मातीची छोटी वीट करून वाळवा आणि मिठाच्या पाण्याच्या बशीत पंधरा दिवस उभी ठेवा. पाणी कमी झाले की भर घाला. मात्र बशीतले पाणी विटेच्या पायथ्याच्या वर जाऊ देऊ नका. लोणा कुठे लागतो आणि विटेचे काय होते ते मुलांना रोज टिपू द्या.

तिसरे काम घरी करायचे आहे. गावातल्या जाणत्या माणसांना मुलांनी विचारावे: खारी कुठून आणत, धाब्यावर किती बोटे माती ठेवत, आणि ती शेवटची केव्हा उतरवली होती? धाब्यावर चढायचे मात्र नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘आठवत नाही’ असे आले, तर त्या घराचे नाव वहीत वेगळे लिहावे आणि पावसाळ्यापूर्वी ती वही ग्रामपंचायतीत नेऊन दाखवावी.